मोहकमच्या शेजारची सीट

डॉक्टर पेशंटला प्रश्न विचारायचे ते त्याच्या तोंडात आरसा आणि कापसाचे बोळे घातल्यावर. त्याआधी ते फारसं बोलत नसत. "या. बसा. कोणती दाढ?" एवढंच. पण माणूस एकदा का खुर्चीत आडवा झाला, दिवा तोंडावर आला, जीभ कापसाखाली दबली, की ते सुरू व्हायचे.

"आता मला सांगा, तिसऱ्या भागात मोहकमनं पुलावर गाडी आडवी लावली, ते बराबर होतं का?"

पेशंट म्हणायचा, "आं... आं."

"हां. मलाही तेच वाटतं," असं म्हणून डॉक्टर समाधानानं पुढचं हत्यार उचलायचे. जालन्यात मस्तगडला त्यांचा दाताचा दवाखाना होता. तिथं मी काही वर्षं नोकरीला होते, आणि सिनेमावरून त्यांच्याशी वाद घालणारा पेशंट मी खुर्चीत तरी कधी पाहिला नाही.

मोहकम हा एका हिंदी पिक्चरचा हिरो. ट्रक ड्रायव्हर. त्या पिक्चरचे एकामागून एक चार भाग आले होते आणि डॉक्टरांना चारही तोंडपाठ होते. हा मोहकम एकटा ट्रक घेऊन देशभर फिरतो, कमी बोलतो, वाटेत कुणावर अन्याय दिसला की उतरतो, काम झालं की पुन्हा गाडीत चढतो. पहिल्या भागात त्याच्या शेजारी बसणारा त्याचा सख्खा भाऊ मारला जातो. तेव्हापासून शेजारची सीट रिकामी. दुसऱ्या भागात तर एका जखमी माणसालाही तो त्या सीटवर बसू देत नाही, मागं पोत्यांवर निजवतो. हा प्रसंग सांगताना डॉक्टर हातातलं काम थांबवायचे आणि छताकडं बघायचे. खुर्चीतला माणूस तसाच तोंड उघडं टाकून वाट बघायचा.

मी बदनापूरची. सकाळच्या गाडीनं जालन्याला यायचे, संध्याकाळी परत जायचे. स्पर्धा परीक्षांचा अभ्यास चालू होता आणि हाताला काहीतरी काम हवं होतं. पेशंटचे नंबर लावायचे, फोन घ्यायचे, हत्यारं उकळायची, असं काम होतं. मुलाखतीला गेले तेव्हा डॉक्टरांनी माझी मार्कशीट बघितलीच नाही.

"मोहकमचा कोणता भाग आवडतो?"

"मी एकही पाहिला नाही, सर."

त्यांनी मार्कशीट तशीच मला परत दिली. मग आतल्या दाराकडं तोंड करून मोठ्यानं म्हणाले, "अगं, पोरगी कोरी आहे! शिकवता येईल!"

आतून काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, बाहेर आल्या. वर घर आणि खाली दवाखाना असल्यामुळं त्या दिवसातून कितीदा तरी खालीवर करत. मला म्हणाल्या, "घाबरू नकोस. बाकी सगळं ठीक आहे त्यांचं. एवढंच एक आहे."

एवढंच नव्हतं. दातांच्या डॉक्टरला गोडाचं वेड असावं ही गोष्ट मला तिथंच कळली. त्यांच्या टेबलाच्या खणात रेवड्यांची पुडी असायची. पेशंटला ते बजावून सांगायचे, "गोड बंद!" आणि तो पायऱ्या उतरला की खण उघडल्याचा आवाज यायचा. 'दात काढू' असं ते कधी म्हणत नसत. म्हणायचे, "ह्याला निरोप देऊ." लहान पोराचा दात पडला तर तो धुऊन, इंजेक्शनच्या रिकाम्या खोक्यात घालून, दोन्ही हातांनी त्याला द्यायचे. तंबाखू-गुटखा खाणाऱ्यांना त्यांनी कधी रागावलेलं मला आठवत नाही. त्या माणसाच्या हातात आरसा द्यायचे आणि म्हणायचे, "तुम्हीच बघा. मी काही बोलत न्हाई." आणि मग अर्धा तास बोलायचे.

मोहकमचा नवा भाग लागला की पहिल्या दिवशी दवाखाना बंद. दारावर पाटी लावायची, 'डॉक्टर बाहेरगावी गेले आहेत.' टॉकीज चालत जाण्याइतकी जवळ. चौथ्या भागाच्या वेळी ते मलाही घेऊन गेले. इंटरव्हलला दिवे लागले तर आमच्याच रांगेत गालाला मफलर गुंडाळलेला एक माणूस. बियाण्यांच्या दुकानात काम करणारा, आमचा जुना पेशंट.

"डाक्टरसाब, तुमी बाहेरगावी गेल्ते न?"

"गेल्तो. आताच आलो," डॉक्टर शांतपणे म्हणाले. "मफलर सोडा. आ करा."

मोबाईलची बॅटरी लावून त्यांनी तिथंच त्याचं तोंड बघितलं. मागच्या रांगेतले दोघं-तिघंही उठून वाकून बघायला लागले. एकानं तर विचारलं, "माझी पन बघता का?" पिक्चर पुन्हा सुरू झाला तेव्हा डॉक्टर चार जणांची तोंडं बघून आपल्या जागेवर बसले होते आणि मी तिकिटाच्या मागं गोळ्यांची नावं लिहीत होते.

असा हा माणूस. त्याच्या आयुष्यात पाचव्या भागाची बातमी आली.

ती आणली एका कॉलेजच्या मुलानं. नंबर येईपर्यंत बाहेर बाकावर बसून तो मोबाईल बघत होता. मला म्हणाला, "मॅडम, मोहकमचं नवीन पोस्टर आलंय. पोरगी घेतलीय त्यात." मी खूण करून त्याला गप्प करेपर्यंत डॉक्टर हातमोजे घातलेलेच बाहेर आले. आत खुर्चीत एक आजी तोंड उघडं ठेवून पडल्या होत्या.

"कोणती पोरगी?"

मुलानं मोबाईल पुढं केला. पोस्टरवर तोच ट्रक. मोहकम थकलेला, दाढी पांढरी झालेली. आणि शेजारच्या सीटवर एक विशीतली मुलगी, केस बांधलेली, खिडकीतून बाहेर हात काढून बसलेली.

डॉक्टर कितीतरी वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "त्या सीटवर?"

एवढंच म्हणाले आणि आत गेले. त्या आजींना त्या दिवशी त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही.

दुसऱ्या दिवसापासून मात्र दवाखान्याची कोर्टकचेरी झाली. दाढ कोणतीही असो, विषय एकच. "पोरगी आली म्हणजे आता हा बडबड करायला लागणार. बडबड आली की जोक येणार. जोक आले की गाणं येणार. मोहकम गाणं म्हणणार, विचार करा!" पेशंट विचार करायचा, दुसरं काही करण्यासारखं नसायचंच. मोहकमवाल्यांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप होता. त्यात जालना, परतूर, अंबडचे मिळून बरेच लोक होते. तिथं डॉक्टर लांबलचक व्हॉइस मेसेज टाकू लागले. मधूनच त्यात पेशंटचं "आं आं" ऐकू यायचं, आणि ग्रुपवर सगळ्यांना वाटायचं की डॉक्टरांच्या बाजूनं कुणीतरी बोलतंय.

बाहेर बाकावर मात्र तोंडं मोकळी होती, तिथं दोन्ही बाजू निघायच्या. शहागडचे एक ट्रकवाले काका यायचे. आयुष्य हायवेवर गेलेलं, आणि डॉक्टरांशिवाय दुसऱ्या कुणाला दाताला हात लावू देत नसत. ते म्हणाले, "डाक्टरसाब, आमच्यात नवीन क्लीनर आला न, त्याला पयले सालभर टायर ठोकायला लावतो. सीटवर बसून राह्यली म्हंजे काय? आन् उद्या स्टेरिंग मागंल!"

"बराबर!" डॉक्टर आतून ओरडले.

निवृत्त शिक्षिका असलेल्या एक बाई होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, पण नवीन माणसं येणारच की. त्यानं एकट्यानं किती वर्षं गाडी हाकायची?" ह्यावर आतून काही उत्तर आलं नाही. त्या बाईंची कवळी तयार व्हायला नेहमीपेक्षा जास्त दिवस लागले असं मला वाटतं, पण ते मला सिद्ध करता येणार नाही.

काकू जेवायचा डबा ठेवता ठेवता म्हणाल्या, "तो हिरो साठीच्या पुढं गेलाय. गुडघे दुखत असतील त्याचे. कुणी सोबतीला दिलं तर बिघडलं कुठं?"

"सोबतीला न्हाई देत," डॉक्टर म्हणाले. "आधी सोबत म्हणून आणतात. मंग शेवटी ह्याला मारतात, आणि सहाव्या भागात गाडी तिची. मला कळत न्हाई का?"

त्यांची मुलगी पुण्यात होती. तीही दातांचीच डॉक्टर, वडिलांपेक्षा एक पदवी जास्त. तिच्या पदवीची रंगीत झेरॉक्स डॉक्टरांनी स्वतःच्या पदवीच्या वर टांगली होती, आणि नव्या पेशंटला ते आरशाच्या आधी ती दाखवायचे. मी तिला ताई म्हणायचे, कारण फोनवर आमची चांगली ओळख झाली होती. ती पुण्यात दुसऱ्याच्या दवाखान्यात काम करत होती आणि तिला परत यायचं होतं. दर आठवड्याला तिचा फोन यायचा. डॉक्टरांचं उत्तर ठरलेलं.

"इथं कशाला येती? इथं एकच खुर्ची आहे."

दुसरी खुर्ची विकायला एक माणूस संभाजीनगरहून दोनदा येऊन गेला. दोन्ही वेळा त्याला चहा मिळाला आणि "जागा न्हाई" असं उत्तर मिळालं. जागा होती. आतली खोली नुसती जुनी मासिकं आणि पंखे ठेवायला वापरली जात होती. मला वाटायचं, मुलीनं मोठ्या शहरात राहावं, नाव काढावं, म्हणून ते नको म्हणतात. काकूंना काय वाटत होतं ते त्यांनी तेव्हा सांगितलं नाही.

मला कळलं ते चहाच्या कपावरून. दुपारचा चहा मी त्यांना बशीसकट द्यायचे. एक दिवस त्यांनी बशी परत केली. म्हणाले, "नुसता कप दे." मग काही दिवसांनी कप टेबलावर ठेवायला सांगू लागले. मी एकदा वळून बघितलं तर ते कपाला दोन्ही हातांनी धरून, ओणवं होऊन पीत होते. उजवा हात थरथरत होता. फार नाही. वाऱ्यानं दोरा हलावा तेवढा.

मग एकेक गोष्ट माझ्या ध्यानात यायला लागली. दाढ काढायला आलेल्यांना ते परत पाठवू लागले होते. "आज सूज आहे," म्हणायचे. मला सूज दिसायची नाही. "राहू द्या, अजून जगंल ही," म्हणायचे. गावात तर उलटंच नाव झालं. लोक म्हणायला लागले, डॉक्टर आता फार दयाळू झालेत, दात काढतच नाहीत. लांबून लांबून माणसं येऊ लागली, आपला दात वाचेल म्हणून.

अशातच एक मुलगी आली. अकरावी-बारावीची असेल, आईबरोबर. किडलेली दाढ कोरून भरायची होती, रोजचंच काम. मी शेजारी उभी होते. डॉक्टर मोहकमबद्दल बोलत होते. मशीनची घरघर चालू होती, आणि मधेच त्यांचा हात हलला. मुलगी ओरडली. ओठाच्या आतल्या बाजूला कापलं होतं. छोटीशीच जखम, कापूस दाबल्यावर रक्त थांबलं. पण डॉक्टर पांढरेफटक पडले. त्यांनी मशीन जागेवर ठेवलं, हातमोजे काढले आणि बाहेर जाऊन मुलीच्या आईसमोर उभे राहिले.

"चूक माझी आहे. माझा हात हलला. पोरीच्या ओठाला लागलं."

ती आई बिचारी गोंधळली. "असू द्या डाक्टरसाब. होतं एखाद्या टायमाला."

"एखाद्या टायमाला न्हाई," डॉक्टर म्हणाले. "आता नेहमीच हलतो."

त्यांनी त्या मुलीला ओळखीच्या दुसऱ्या डॉक्टरांकडं स्वतः रिक्षातून नेलं, राहिलेली दाढ भरून होईस्तोवर तिथं बसले आणि परत आले. मग मला उरलेल्या पेशंटना उद्याचा नंबर द्यायला सांगितला. सगळे गेल्यावर ते पेशंटच्या खुर्चीत बसले. मी त्यांना त्या खुर्चीत पहिल्यांदाच बघत होते.

"बस," म्हणाले. मी त्यांच्या स्टुलावर बसले.

"औरंगाबादला जाऊन दाखवून आल्तो मागं." नवं नाव त्यांच्या तोंडी कधी नीट बसलं नाही. "तुझ्या काकूला माहीत आहे. तिथला डॉक्टर म्हणाला, हळूहळू वाढंल. गोळ्यांनी थोडं थांबंल, पण जाणार न्हाई."

मी म्हटलं, "सर, ताईंना सांगितलंय का?"

ते दिव्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "तुला वाटत असेल, म्हाताऱ्याला त्या पिक्चरमधल्या पोरीचा राग आलाय."

"तसं नाही, सर."

"ती वाईट निघेल ह्याची भीती न्हाई गं मला. वाईट निघाली तर लोक शिव्या देतील, पुढच्या भागात काढून टाकतील." त्यांनी दिवा तोंडावरून बाजूला सारला. "ती चांगली निघाली तर?"

बाहेर रस्त्यावर हातगाडीवाला मोसंबी विकत होता. त्याचं ओरडणं लांब जाईपर्यंत आम्ही दोघंही तसेच बसून होतो.

दुसऱ्या दिवशी आल्या आल्या त्यांनी माझ्या काउंटरवरचा फोन उचलला आणि नंबर लावला. मी उठून जायला लागले तर हातानंच बस म्हणाले.

"हां, मी बोलतोय. ... न्हाई, बरा आहे. जेवलो. ... ऐक. कधी येशील?" मग बराच वेळ ते ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "दुसरी खुर्ची कशाला? आहे ती तू घे."

फोन ठेवून ते आत गेले आणि खण उघडल्याचा आवाज आला.

ताई आल्या, आणि पहिले काही दिवस आम्हा सगळ्यांचे हाल झाले. दिवा इकडून तिकडं झाला, हत्यारांचा ट्रे उजवीकडचा डावीकडं गेला. डॉक्टर ताईंच्या पाठीशी उभे राहून प्रत्येक गोष्टीला खाकरायचे. खाकरण्यात तऱ्हा होत्या. एका खाकरण्याचा अर्थ 'असं नाही', दुसऱ्याचा 'घाई करू नको'. शेवटी ताई म्हणाल्या, "बाबा, बाहेर बसा बरं तुम्ही."

मग ते माझ्याजवळ काउंटरला येऊन बसले. माझी पेनं त्यांनी उंचीनुसार लावली. बाकावरच्या पेशंटना तिथंच तोंडं उघडायला लावून ते तपासू लागले. दर पाच मिनिटांनी मला म्हणायचे, "आत काय चालू आहे, बघून ये बरं." मी बघून यायचे. "छान चालू आहे, सर."

"छान?" ते म्हणायचे, आणि पुन्हा पेनं लावायचे.

जुने पेशंटही काही सोपे नव्हते. बरेच जण ताईंना बघून दारातूनच विचारायचे, "डाक्टरसाब कधी येतेत?" शहागडचे ट्रकवाले काका आले ते दाढ सुजवून, दोन रात्री न झोपता. ही सूज खरी होती. ताईंनी गोळ्या देऊन ती उतरवली आणि चार दिवसांनी त्यांना दाढ काढायला बोलावलं. काका खुर्चीत बसले, ताईंच्या हातात इंजेक्शन बघितलं आणि सरळ उतरून बाहेर आले.

"हे न्हाई जमनार. तुमी काढा, डाक्टरसाब. पोरीच्या हातनं न्हाई काढनार मी."

डॉक्टरांनी उजवा हात डाव्या हातात धरून ठेवला होता. काकांनी त्या हाताकडं बघितलं, आणि मग खाली मान घातली.

ताई दारात आल्या. मला वाटलं, आता रागावतील. पण त्या म्हणाल्या, "बाबा, आत या. तुम्ही नुसतं बोला."

"काय बोलू?"

"जे नेहमी बोलता ते."

डॉक्टर आत गेले. काकाही त्यांच्या मागून गेले आणि पुन्हा खुर्चीत चढले. डॉक्टरांनी स्टूल ओढून काकांच्या उशाशी ठेवलं आणि बसले. ताईंनी कापूस लावला. काकांनी डोळे गच्च मिटले.

"आता मला सांगा," डॉक्टर एकदम म्हणाले, "तुमचा तो क्लीनर. सालभर टायर ठोकले त्यानं. त्यानंतर?"

"आं?" काकांनी डोळे उघडले.

"त्यानंतर कधीतरी स्टेरिंग दिलं का न्हाई त्याला? का म्हातारा होईस्तोवर टायरच?"

काका काहीतरी सांगायला लागले. तेवढ्यात ताईंनी इंजेक्शन देऊन टाकलं; जीभ बधिर व्हायला लागली, तरी ते हात हलवून सांगत होते, घाट आल्ता, पाऊस होता, मीच झोपलो होतो, पोरानं गाडी चढवली. डॉक्टर मधे मधे विचारत होते, कोणता घाट, माल काय होता, ओरडले का मग त्याला? काकांचं सगळं लक्ष त्यांच्याकडं. ताई सांगतील तेव्हा मी फक्त ट्रे पुढं करत होते. त्यांचा हात मी जवळून बघत होते. घाई नाही, जोर नाही. वडिलांनी काकांना विचारलं, "मंग पोरगं कसं निघालं?" आणि त्याच वेळेला ताईंनी चिमटा बाहेर काढला.

काका अडखळत म्हणाले, "लई चांगलं निघालं." मग जरा थांबून, "काढा न मंग आता."

"काढली," ताई म्हणाल्या आणि त्यांना ट्रे दाखवला.

काका दाढेकडं बघत राहिले. मग डॉक्टरांकडं, मग ताईंकडं. जाताना त्यांनी ताईंना वाकून नमस्कार केला. तोंडात कापूस होता, त्यामुळं काय म्हणाले ते कळलं नाही.

त्या दिवसापासून स्टूल तिथंच राहिलं. घाबरलेलं कुणी आलं की ताई आतून हाक मारायच्या, "बाबा, या!" आणि डॉक्टर काउंटरवरून असे उठायचे, जणू ऑपरेशनला निघालेत. लहान मुलांसाठी त्यांनी मोहकमची वेगळी गोष्ट बनवली होती, मारामारी काढून टाकलेली. पेशंट पुन्हा वाढले. खाकरणं मात्र पूर्ण गेलं नाही.

ह्या सगळ्यात ते पिक्चरच्या पोरीला माफ करतील असं मला वाटलं होतं. पण तसं काही झालं नाही. पहिल्या दिवशी कुणीच जायचं नाही असं त्या ग्रुपवर ठरलं, आणि ठरवण्यात डॉक्टर पुढं होते. "पहिला दिवस रिकामा गेला की कळंल त्यांना," असा त्यांचा शेवटचा व्हॉइस मेसेज होता.

पिक्चर लागला त्या सकाळी काकू इस्त्रीचा शर्ट घेऊन खाली आल्या. डॉक्टर म्हणाले, "मी येणार न्हाई."

"तुम्हाला कोण म्हणतंय?" काकू म्हणाल्या. "आम्ही तिघी चाललोय. शर्ट इथं ठेवते."

ताई पर्समध्ये किल्ल्या शोधत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "लहानपणी मला वाटायचं, ती सीट माझ्यासाठीच मोकळी ठेवलीय. मोठी झाले की मी बसणार त्याच्या शेजारी." आणि त्या पायऱ्या उतरून गेल्या.

आम्ही कोपऱ्यापर्यंत पोचलो असू तेवढ्यात मागून डॉक्टर आले. शर्टाची वरची बटणं लावायची राहिली होती. हल्ली बटणांना वेळ लागायचा. काकूंनी चालता चालताच ती लावून दिली.

टॉकीजवर बघतो तर सगळा ग्रुप तिथं हजर. परतूरचे, अंबडचे, बियाण्यांच्या दुकानातला तो पेशंट. सगळे एकमेकांची नजर चुकवत होते. शहागडचे काकाही आले होते. त्यांनी डॉक्टरांना नमस्कार केला आणि म्हणाले, "म्या सहज इकडून चाल्लो होतो."

"मी पण," डॉक्टर म्हणाले.

ताई डॉक्टरांच्या शेजारी बसल्या, पलीकडं काकू, मग मी. पिक्चर सुरू झाला. मोहकम खरंच म्हातारा झाला होता. गाडीत चढताना दाराचा दांडा धरून जरा थांबायचा. ती मुलगी आली तेव्हा थिएटरात कुजबुज झाली. पण ती फारशी बोलत नव्हती, आणि गाणंही आलं नाही, त्यामुळं लोक सावरून बसले. डॉक्टर पुढं झुकून, हनुवटी मुठीवर टेकून बघत होते.

इंटरव्हलनंतर तो घाट आला. मोहकमला छातीत दुखायला लागतं. तो गाडी बाजूला घेतो, सरकतो, आणि त्या मुलीला स्टेरिंगवर बसायला सांगतो. ती बसते. पहिल्याच वळणावर गिअर अडकतो, गाडी बंद पडते आणि उताराला मागं सरकायला लागते. मागं दरी.

थिएटरात एकच गोंधळ झाला. कुणी शिट्टी मारली. कुणी ओरडलं, "उतर खाली!" दुसरा म्हणाला, "हिच्या बापाला बी जमलं नसतं, हिला काय जमतंय!" लोक हसायला लागले. पडद्यावर ती मुलगी घामाघूम होऊन पुन्हा पुन्हा चावी फिरवत होती, आणि मागून "उतर, उतर" असा ताल धरला गेला.

आणि आमच्या रांगेतून डॉक्टर उठून उभे राहिले. मागं वळले. पडद्याचा उजेड त्यांच्या पाठीवर होता, हात वर केलेला, तो थरथरत होता.

"अरे, शिकून राह्यली न ती!" ते ओरडले. "थांबा की जरा! पहिल्याच टायमाला येतं का कुणाला?"

मागचा ताल तुटला. मग मागच्या अंधारातून शहागडच्या काकांचा आवाज आला, "बसा डाक्टरसाब, बसा. जमंल तिला."

ताईंनी शर्टाला धरून त्यांना खाली बसवलं. पडद्यावर इंजिन सुरू झालं, गाडी घाट चढू लागली, लोक टाळ्या वाजवायला लागले. मी बाजूला बघितलं. ताई पडद्याकडंच बघत होत्या, पण वडिलांच्या शर्टाचं टोक त्यांनी मुठीत तसंच धरून ठेवलं होतं, आणि पिक्चर संपून दिवे लागेपर्यंत सोडलं नाही.